विषावरच्या उताऱ्यांचा फिरता साठा आणि दरवर्षीचा निधी: महाराष्ट्राच्या आरोग्य, वैद्यकीय शिक्षण व वित्त मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मा. वित्त मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: रासायनिक व जैविक हल्ल्यांविरुद्धच्या वैद्यकीय सज्जतेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आणि दरवर्षी मिळणारा निधी

महोदय,

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने औद्योगिक रासायनिक आपत्तींसाठी २००७ साली, जैविक आपत्तींसाठी २००८ साली आणि रासायनिक दहशतवादासाठी २००९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. उतारे (विषाचा परिणाम उलटवणारी औषधे), संरक्षक पोशाख, रुग्णांना धुण्याची सोय, प्रयोगशाळा असे सगळे विषय त्यांत आहेत. त्यासाठीचा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून यावा, दरवर्षी किती यावा आणि मुदत संपलेल्या कुपीचे काय करायचे, हे ठरवण्याचे काम राज्यांवर येते. हे पत्र त्याच कामाविषयी आहे.

मागणी आधीच सांगतो. एकदा मोठी रक्कम काढून किट विकत घ्यायचे आणि कुलूप लावायचे, असे करू नका. विषबाधेच्या रोजच्या उपचारांना जोडलेला, सतत वापरला जाणारा आणि सतत भरला जाणारा साठा उभा करा, आणि त्याला दरवर्षी पैसा द्या.

२० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत पाच गाड्यांमध्ये सारिन हे मज्जातंतूंवर घाला घालणारे विष सोडले गेले. सुमारे साडेपाच हजार लोक दवाखान्यांत गेले. सेंट ल्यूक्स या एकाच रुग्णालयात त्या दिवशी ६४० जण पोहोचले: ५२८ सौम्य, १०७ मध्यम आणि ५ अत्यवस्थ. बहुतेक जण पायी किंवा मिळेल त्या वाहनाने आले, त्यामुळे वाटेत त्यांना कोणी धुतले नव्हते. कपड्यांत अडकलेले सारिन बंदिस्त खोल्यांत हवेत मिसळत राहिले आणि त्या रुग्णालयाच्या सुमारे २३ टक्के कर्मचाऱ्यांनाच त्रास सुरू झाला. प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे आपण ज्याला पॅम म्हणतो ते औषध, शहरात कमी पडले. जपानमध्ये ते मुख्यतः ग्रामीण भागात, कीटकनाशकांच्या विषबाधेसाठी वापरले जाई. शेवटी ते नागोयाहून शिंकान्सेन गाडीने, वाटेतल्या स्टेशनांवरून गोळा करत टोकियोला आणावे लागले.

आमचा सगळा युक्तिवाद याच एका गोष्टीवर उभा आहे. सारिन १९३८ साली जर्मनीत कीटकनाशकांवरच्या संशोधनातूनच निघाले. मज्जातंतूंवर घाला घालणारी ही रसायने आणि आपल्या शेतातली ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे शरीरात एकच विकर (एन्झाइम) बंद पाडतात. उतारेही तेच लागतात: अ‍ॅट्रोपीन, पॅम आणि झटक्यांसाठी डायझेपाम किंवा मिडॅझोलाम. विदर्भ-मराठवाड्यातले सरकारी दवाखाने ही औषधे बारा महिने वापरतात. म्हणजे हल्ल्यासाठी ठेवलेला साठा वाया जाण्याचे कारण नाही. तो खपवणारे रुग्ण, दुर्दैवाने, आपल्याकडे रोज आहेत.

ज्ञानाचीही उणीव नाही. पॅम थोडे थोडे देण्यापेक्षा सलग द्यावे का, याची चाचणी बारामतीत २०० रुग्णांवर झाली आणि २००६ साली ती जगभर वाचली गेली. सुरुवातीला दोन्ही गटांना २ ग्रॅम; मग एका गटाला ४८ तास दर तासाला १ ग्रॅम सलग, दुसऱ्याला दर चार तासांनी १ ग्रॅम. सलग घेणाऱ्यांत मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत मात्र पॅमचा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवे. फरक कोणते विष, किती प्यायले आणि किती उशिरा आले यात आहे. विष विकराला चिकटून काही काळाने बंध पक्का होतो आणि मग पॅमने तो सुटत नाही. डायमिथोएट, मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकांच्या गटात निम्मे विकर साधारण पावणेचार तासांत हातचे जाते. क्लोरपायरिफॉसच्या गटात त्याला तीसहून जास्त तास लागतात. सारिनसाठी हा काळ तीन ते पाच तासांचा आहे, सोमान या अशाच दुसऱ्या विषासाठी जेमतेम काही मिनिटांचा. जिल्ह्याच्या भांडारातून मागणीपत्र भरून, सही घेऊन, गाडी पाठवून पॅम आणायचे तर वेळ तिथेच संपतो.

आता प्रमाण पाहा. आपल्याकडे अ‍ॅट्रोपीनची नेहमीची कुपी ०.६ मिलिग्रॅमची. अत्यवस्थ माणसाला ३ कुप्यांनी, म्हणजे १.८ मिलिग्रॅमने सुरुवात होते. पाच मिनिटांत छाती मोकळी झाली नाही तर मात्रा दुप्पट: ३.६, मग ७.२, मग १४.४. एवढ्यातच २७ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ कुप्या. एका सिस्टरने ४५ काचेच्या कुप्या फोडून भरायच्या तर तिचा सगळा वेळ त्यातच जातो, बोटे कापतात, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस थांबून राहतो. छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर एवढे साधले की लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाईनमधून चालू ठेवतात. १० टक्के धरले तरी पहिल्या २४ तासांत एका रुग्णाला सुमारे ९० मिलिग्रॅम, म्हणजे १५० कुप्या लागतात. पॅमचे गणित त्याच बारामतीच्या पद्धतीने: २४ तासांत २६ ग्रॅम, ५०० मिलिग्रॅमच्या ५२ कुप्या.

एका मोठ्या रुग्णालयाने १० अत्यवस्थ आणि ४० मध्यम रुग्णांची तयारी ठेवायची ठरवली, मध्यम रुग्णाला सरासरी १० कुप्या अ‍ॅट्रोपीन आणि २ ग्रॅम पॅम धरले, तर पहिल्या दिवसासाठी सुमारे १,९०० कुप्या अ‍ॅट्रोपीन आणि ७०० कुप्या पॅम हाताशी हवे. सौम्य रुग्णांना, ज्यांच्या फक्त बाहुल्या बारीक झाल्या आहेत आणि डोळे दुखत आहेत, त्यांना उतारा टोचायची गरज नसते. हे कर्मचाऱ्यांना शिकवलेले नसेल तर पहिल्या तासात साठा भलत्यांवरच संपतो. उलट चूकही नेहमीची आहे: नाडी वाढली किंवा बाहुली मोठी झाली म्हणून अ‍ॅट्रोपीन थांबवायचे आणि छातीत पाणी तसेच राहू द्यायचे. दरकरारात नेहमीच्या कुप्यांबरोबर मोठ्या मात्रेच्या कुप्या घ्या, ही यातली सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

उतारा म्हणजे सगळे नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथे चर्चेत आलेल्या रसायनांपैकी प्रोफेनोफॉसवर पॅम फारसे चालत नाही आणि डायफेनथियुरॉनवर नेमका उताराच नाही. क्लोरीनवरही नाही. तिथे माणूस वाचतो तो ऑक्सिजन, सक्शन, श्वासनलिकेत नळी घालता येणारा डॉक्टर आणि चालू व्हेंटिलेटर यांवर. साठ्याच्या यादीत पायाने चालणारी सक्शन यंत्रे, लहान मुलांच्या मापाचे मास्क आणि मुलांच्या मात्रांचा तक्ता नसेल तर ती यादी अपुरी आहे. सायनाइडसाठी सोडियम थायोसल्फेट (एका प्रौढाला १२.५ ग्रॅम) स्वस्त आहे आणि रसायनपट्ट्याजवळच्या प्रत्येक रुग्णालयात ठेवता येईल; हायड्रॉक्सोकोबालामिन हे सायनाइडवरचेच दुसरे औषध महाग, ते मोजक्या केंद्रांत ठेवावे. सायनाइडवरचे तिसरे औषध, सोडियम नायट्राइट, आगीच्या धुरात सापडलेल्याला देऊ नये, कारण धुराने आधीच कमी झालेली रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते आणखी कमी करते. ही सूचना कुपीच्या खोक्यावरच मराठीत छापावी.

साठा फिरवायचा कसा, ते सांगतो. मुंबई, ठाणे, रायगड, पालघर, पुणे या भागांतल्या ठरलेल्या रुग्णालयांत मोठा साठा राहील. मुदतीला नऊ-दहा महिने उरले की तो माल जूनमध्ये यवतमाळ, अमरावती, वर्धा, नांदेड अशा जिल्ह्यांकडे जाईल, म्हणजे खरिपाच्या फवारणीआधी तिथे पोहोचेल आणि वापरला जाईल. रिकामी जागा नव्या मालाने भरेल. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर, एवढा एकच नियम. सरकारी औषधसाठ्याच्या ई-औषधी प्रणालीत प्रत्येक गटाची (बॅचची) मुदत नोंदलेली असतेच. तिथे या साठ्याला वेगळी खूण आणि हलवण्याच्या तारखेचा आपोआप इशारा जोडायचा आहे.

हे कागदावर सोपे दिसते, तरी बिघडते कुठे? पहिले ठिकाण लेखापरीक्षण. औषध मुदतबाह्य झाले की भांडारप्रमुखावर आक्षेप निघतो, स्पष्टीकरण मागितले जाते, कधी वसुली लागते. औषध संपल्यामुळे रुग्ण दगावला तर तसा परिच्छेद कोणाच्या नावावर येत नाही. मग शहाणा भांडारप्रमुख नेहमी कमीच मागणी करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून शासन निर्णयात स्पष्ट लिहा: या साठ्यात ठराविक मर्यादेपर्यंत, आमच्या मते १० टक्क्यांपर्यंत, मुदतबाह्य होणे हा सज्जतेचा खर्च मानला जाईल, नुकसान नाही. हे एक वाक्य अनेक कोटींच्या खरेदीपेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

दुसरे ठिकाण निविदा. पॅमसारख्या कमी खपाच्या औषधाला जिल्हा पातळीवर कोणी पुरवठादार येत नाही. आला तरी पुरवठा सहा महिन्यांनी, देयक त्याहून उशिरा, आणि पुढच्या वर्षी तो फिरकतच नाही. दरकरार मार्चअखेर संपतो आणि नवा होईपर्यंत खरिपाची फवारणी तोंडावर येते. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणासाठी २०२३ साली कायदा झाला आहे. त्या प्राधिकरणामार्फत सगळ्या राज्याची मागणी एकत्र करून तीन ते पाच वर्षांचा करार व्हावा. त्यात पुरवठादाराने ठराविक कुप्या स्वतःच्या गोदामात फिरत्या ठेवाव्यात, राज्याने त्यासाठी वार्षिक राखीव शुल्क द्यावे, आणि मागणी गेल्यापासून २४ तासांत माल न आल्यास दंड लागावा. प्रत्येक गटाची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी माल स्वीकारण्याआधी व्हावी, नंतर नव्हे.

तिसरे ठिकाण ऊन. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या कपाटातले द्रावणातले पॅम हळूहळू निकामी होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. तापमान नोंदवणारे यंत्र, वातानुकूलन, वीज गेल्यावर चालणारी सोय, हा सगळा खर्च औषधाच्या किमतीइतकाच मूळ अंदाजात धरावा लागतो. आणि चौथे ठिकाण किल्ली. मिडॅझोलाम, डायझेपाम कुलपात असतात, किल्ली एकाकडे असते आणि तो रात्री घरी असतो. दोन किल्ल्या, दोन पदे, रात्रपाळीसह नोंदवही एवढ्याने हे सुटते.

अमेरिकेने १९९९ साली औषधांचा राष्ट्रीय साठा उभा केला, तेव्हा मोठी खोकी बारा तासांत कुठेही पोहोचवण्याची योजना होती. मज्जातंतूविषांपुढे बारा तास निरुपयोगी, हे ध्यानात आल्यावर त्यांनी उताऱ्यांची कुलूपबंद, तापमान-नियंत्रित खोकी देशभरात १,३०० हून अधिक ठिकाणी आधीच नेऊन ठेवली. आपल्याकडे १०८ सेवेच्या ९३७ रुग्णवाहिका २०१४ सालीच आल्या. रसायनपट्ट्यांतल्या, म्हणजे तळोजा, रसायनी, महाड, लोटे-परशुराम, तारापूर, डोंबिवली, कुरकुंभ इथल्या प्रत्येक गाडीत ५० कुप्या अ‍ॅट्रोपीन आणि ८ कुप्या पॅम ठेवणे हे मोठे काम नाही. मात्र तिथे जागा इंजिनाच्या उष्णतेपासून दूर हवी आणि दर तिमाहीला बदल हवा.

धुण्याच्या सोयीवर थोडे थांबतो, कारण अंदाजपत्रकात ती नेहमी शेवटी येते. बाहेरचे कपडे काढले की अंगावरच्या विषाचा मोठा भाग जातो; मग भरपूर पाणी आणि साबण. कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, दोन रांगांचे फवारे, पाणी साठवायची टाकी आणि मध्ये जाड पडदे एवढेच बांधकाम लागते. पडदे नसतील तर बायका साडी उतरवणार नाहीत, आणि त्यांनी का उतरवावी? प्रत्येक रुग्णासाठी एक संच हवा: अंगभर झगा, कपड्यांसाठी जाड पिशवी, पैसे-दागिन्यांसाठी पारदर्शक पिशवी आणि दोन्हींवर एकाच क्रमांकाचे बिल्ले. मंगळसूत्र आणि मोबाइल परत मिळेल ही खात्री नसेल तर रांग तिथेच अडते. धुणाऱ्या कर्मचाऱ्यांना एन-९५ मास्क चालत नाही, तो कण अडवतो, वाफ नव्हे. रासायनिक गाळणीचा मुखवटा लागतो, गाळण्यांनाही मुदत असते आणि त्या बदलण्याचा पैसा दरवर्षी लागतो. पुण्याजवळ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आहे. ती पोहोचेपर्यंतचा पहिला तास रुग्णालयाचाच असतो.

जैविक बाजूचे गणित वेगळे आहे. तिथे मिनिटे नाहीत, दिवस आहेत, पण संख्या लाखांत जाते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा. तो हल्ला नव्हता, तरी लोक शहर सोडून निघाले आणि दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. प्लेगच्या संपर्कात आलेल्याला डॉक्सिसायक्लिनच्या ७ दिवसांच्या १४ गोळ्या लागतात. एक लाख लोकांना १४ लाख. अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू फुप्फुसात आठवडेच्या आठवडे पडून राहतात. १९७९ साली सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क इथे झालेल्या या बीजाणूंच्या गळतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत नवे रुग्ण येत राहिले. त्यामुळे अँथ्रॅक्सला ६० दिवस, १२० गोळ्या. एक लाख लोकांना १ कोटी २० लाख. सगळे पहिल्या दिवशी वाटायची गरज नाही. १० दिवसांचे, २० गोळ्यांचे पाकीट आधी, तपासणीचा निष्कर्ष आल्यावर उरलेले. अमेरिकेत २००१ च्या अँथ्रॅक्स भरलेल्या पत्रांच्या हल्ल्यात २२ जण आजारी पडले आणि ५ गेले. सुमारे १०,००० जणांना ६० दिवसांचा सल्ला दिला गेला, आणि निम्म्याहून कमी लोकांनी तो पूर्ण पाळला. म्हणून गोळ्यांच्या खरेदीबरोबर पाठपुराव्याच्या माणसांचा पगारही धरा.

वाटपाचा हिशेबही आधी करून ठेवता येतो. एका टेबलावर एका माणसाला एक मिनिट, दिवसाचे १२ तास, दोन दिवस: १,४४० जण. एक लाखाला ७० टेबले. कुटुंबातल्या एकाने चौघांसाठी नेले आणि त्याला दोन मिनिटे दिली, तर ३५. पल्स पोलिओचे बूथ आणि आशाताईंच्या याद्या आपल्याकडे तयार आहेत. फक्त मुलांसाठी गोळी कुटून कशी द्यायची, याचे मराठी, हिंदी, गोंडी, भिल्लीतले पत्रक आजच छापून ठेवा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे, परंतु तिथवर नमुना नेणाऱ्या तीनपदरी डब्यांचा आणि गाडीचा खर्च जिल्ह्याने करायचा असतो. कोलिनेस्टरेजची, म्हणजे सारिन आणि कीटकनाशके बंद पाडतात त्या विकराची, तपासणी तर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवी, आणि नमुना लगेच बर्फात, नाहीतर नळीतच विष आणि पॅम आपले काम चालू ठेवतात आणि आकडा खोटा येतो.

नवी औषधे आणि लसी बनवण्यासाठी सरकारने पैसा कसा द्यावा, याचा धडा अमेरिकेच्या प्रोजेक्ट बायोशील्डमध्ये आहे. २००४ च्या कायद्याने दहा वर्षांसाठी ५.६ अब्ज डॉलर बाजूला ठेवले गेले. त्यातून व्हॅक्सजेन या छोट्या कंपनीला अँथ्रॅक्सच्या नव्या लशीच्या साडेसात कोटी मात्रांसाठी ८७ कोटी ७५ लाख डॉलरचा करार मिळाला. अट अशी, की पैसे माल हाती आल्यावर. लस टिकण्याच्या चाचण्यांत अडकली, कंपनीकडे तेवढी वर्षे तग धरायला पैसा नव्हता, आणि डिसेंबर २००६ मध्ये करार रद्द झाला. त्याच महिन्यात नवा कायदा करून टप्प्याटप्प्याने पैसे देणारी स्वतंत्र यंत्रणा, बार्डा, उभी करावी लागली. वॉल्देमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस बनवली. त्यांच्या नावाची सार्वजनिक कंपनी आजही राज्याकडे आहे. तिच्याकडून अ‍ॅट्रोपीन-पॅम भरण्याची क्षमता राखीव हवी असेल, तर यंत्रे आणि प्रमाणीकरणाचा पैसा टप्प्यांवर द्या, आणि काम नसलेल्या महिन्यांतही ती चालू राहील एवढी नियमित मागणी द्या.

दुसरा धडा भरून काढण्याचा. २००९ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेच्या साठ्यातले सुमारे साडेआठ कोटी एन-९५ मास्क वाटले गेले, ते पुन्हा भरायला पुरेसा पैसा मिळाला नाही, आणि २०२० साली कपाट रिकामे निघाले. तिथे १९८६ पासून साठ्यातल्या औषधांची चाचणी करून मुदत वाढवण्याचा कार्यक्रमही आहे. १२२ औषधांच्या अभ्यासात ८८ टक्के गट किमान एक वर्ष जास्त टिकले, अर्थात मूळ वेष्टनात आणि योग्य तापमानात ठेवलेले. आपल्याकडे हा अधिकार केंद्राच्या औषध नियंत्रकांचा, पण प्रस्ताव राज्याने पाठवायला हरकत नाही.

पैसा कुठून? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय यादीत चक्रीवादळ, पूर, दुष्काळ, कीड, थंडीची लाट आहे. रासायनिक व जैविक घटना नाहीत. कोविडसाठी मार्च २०२० मध्ये खास अपवाद करावा लागला. मात्र राज्याला स्वतःच्या आपत्ती घोषित करून १० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरता येते, आणि पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीतला १० टक्के वाटा सज्जता व क्षमताबांधणीसाठी वेगळा दाखवला होता. रुग्णालयांतली धुण्याची सोय, पोशाख, प्रशिक्षण तिथून होऊ शकते. औषधांचा फिरता साठा मात्र आरोग्य विभागाच्या नियमित अंदाजपत्रकात स्वतंत्र उपशीर्षाखाली हवा, पुरवणी मागण्यांवर अवलंबून नको, आणि त्यातली रक्कम इतरत्र वळवता येणार नाही अशी अट हवी.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हे उपशीर्ष उघडावे, १० टक्के मुदतबाह्यतेचा शासन निर्णय त्याआधी निघावा, आणि पहिली हलवाहलव पुढच्या जूनमध्ये, खरिपाआधी व्हावी, ही आमची विनंती. रुग्णालयनिहाय कुप्यांची यादी, तपासणीचा तक्ता आणि कराराचा मसुदा विभागाने बोलावल्यास आम्ही समोर बसून तयार करून देऊ.

आपले विश्वासू,
आपत्कालीन वैद्यक, विषोपचार, परिचर्या आणि औषधभांडार या क्षेत्रांत काम करणारे